वॉशिंग मशीनचा पाइप फुटला, विमा मिळेल का?

प्रश्न: काल आम्ही बाहेर असताना वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप फुटला. घरभर घोटाभर पाणी. लाकडी कपाट खालून फुगलंय. आईच्या हातचं भरतकाम भिजलं, त्याचं फार वाईट वाटतंय. घराचा विमा आहे. भरपाई मिळेल का?

उत्तर: पाइप अचानक फुटला असेल तर बऱ्याच पॉलिसींत पाण्याने झालेलं नुकसान धरतात; मशीन किंवा पाइपचा खर्च सहसा नाही. महिनोन्महिने ठिबकत असेल तर दावा बहुधा नाकारतात. कपाटासाठी सामानाचा विमाही लागेल, तो घेतलाय का बघा.

उत्तर: फुटलेला पाइप टाकू नका, तोच पुरावा! कंपनीला आजच कळवा.

प्रश्नकर्ती: पाइप कचऱ्यातून परत काढला. पाणी उपसण्याआधीचे फोटोही आहेत.