काँग्रेस विहीर, वीरसौध आणि घरातल्या आठवणी

माहेर टिळकवाडी
काल भाचीला वीरसौध, म्हणजे बेळगावातल्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक, दाखवायला नेलं. विहिरीपाशी पोचले आणि आजीच आठवली. १९२४ च्या डिसेंबरात ती नऊ वर्षांची. २६-२७ ला अधिवेशन झालं. बापू काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते जन्मात एकदाच, तेही आमच्या बेळगावात! वडिलांच्या खांद्यावर बसून आजीला त्यांचं नुसतं डोकं दिसलं होतं. एवढं सांगतानाही तिचे हात जोडले जायचे. तुमच्या घरी कोण काय सांगायचं? लिहा ना.

शहापूरचा
विहीर अधिवेशनासाठीच खणली. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. वरचे ३ आणेसुद्धा मांडलेत बघा! आमचे आप्पा दुकानातल्या पोरांना हेच सांगायचे, हिशेब लिहायचा तर असा.

हुदलीची लेक
हुदलीला विसरू नका ओ. अधिवेशन बेळगावात आणलं ते गंगाधरराव देशपांडे आमच्याच गावचे. १९३७ ला बापू हुदलीत येऊन राहिले होते. आई खादी संघात कातायला जायची, मी तिचा पदर धरून मागे. दुपारभर चरख्यांची घरघर. शाळेत पहिल्यांदा खादीचा झगा घालून गेले तर टोचत होता, पण आईनं कातलेलं सूत म्हणून काढला नाही. बाकी नंतर लिहिते, दूध ठेवलंय.

खानापूर रोड
हुदलीच्या खादी संघाचं लोणचं अजून मिळतं काय? बहिणीला मुंबईला पाठवायचंय.

हुदलीची लेक
मिळतंय की. आंब्याचं घ्या.

सूरवेडी
त्या अधिवेशनात गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या होत्या. अकरा वर्षांची पोर आणि समोर बापू! विहिरीवरून जाताना मला तेच डोळ्यापुढे येतं.

निपाणीकर
विषय थोडा सोडून लिहितो. १९२५ च्या एप्रिलात आमच्या निपाणीला बहिष्कृतांची परिषद झाली, बाबासाहेब आले होते. आजोबा तंबाखूच्या वखारीत हमाल. त्या दिवशी खाडा केला, मजुरी बुडाली. "बुडू दे, बाबासाहेब बघितला" म्हणायचे. मरेपर्यंत तेच.

माहेर टिळकवाडी
दादा, सोडून कुठं? हेच तर हवं होतं. आजोबांचा फोटो आहे काय?

निपाणीकर
फोटो नाही ताई. त्या दिवशी अंगावर होती ती घोंगडी आहे. आई दर उन्हाळ्यात उन्हात घालते.