वाचनालयाला पाच जुने कॉम्प्युटर मिळालेत, पोरांना कोडिंग शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

माणदेशी_कट्टा:
नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाला पाच जुने डेस्कटॉप मिळालेत, 2 जीबी रॅम, विंडोज 7. सहावी ते आठवीची वीसेक पोरं संध्याकाळी येतात, मोबाईल झकास चालवतात पण माउस हातात दिला की गडबडतात आणि फाईल कुठे सेव्ह झाली ते कुणालाच सापडत नाही. नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट. मी स्वतः बीकॉम, एमएस-सीआयटी केलंय तेवढंच. डायरेक्ट पायथन घेऊ का?

कोथरूडचा_कोडर:
पायथन नको एवढ्यात. स्क्रॅच घ्या, ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, एमआयटीवाल्यांचं आहे, फुकट. नवीन 3 च्या ॲपला विंडोज 10 लागतं म्हणून जुनं 1.4 टाका, ते नेटशिवाय चालतं. गेमच्या मागे लागू नका, रांगोळी काढायला लावा. पेन खाली टेकवायचा, चौकोन काढायचा, 10 अंश वळायचं, हे सगळं 36 वेळा, की पडद्यावर मस्त फूल येतं. मग विचारा 36 च का, 20 अंश वळलो तर किती वेळा? कोन शिकवावे लागत नाहीत मग, पोरं आपसात भांडून काढतात उत्तर.

झेडपी_बाई:
दादा, सॉफ्टवेअर सोडा, आधी बसायचं बघा. वीस पोरं पाच मशीन म्हणजे एकाला चार, माउस कायम एकाच पोराच्या हातात आणि मुली मागं उभ्या, हे मी वर्गात रोज बघते. मशीनला दोघंच बसवा, ज्याच्या हातात माउस त्यानं डोकं चालवायचं नाही, शेजारचा सांगेल तेच करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. उरलेल्यांना बाहेर अंगणात रोबोट खेळवा, एकानं रोबोट व्हायचं, बाकीच्यांनी कागदावर सूचना लिहून द्यायच्या, "तीन पावलं पुढं, उजवीकडे वळ". भिंतीवर आपटला की चूक कुठल्या ओळीत ते शोधा. सीएस पाठशाला म्हणून एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेचा उपक्रम आहे, त्यांच्याकडे असलं बिनकॉम्प्युटरचं बरंच मिळेल.

सरळ_बोलतो:
रांगोळ्या ठीक आहेत हो, पण हीच पोरं कॉलेजात गेली की महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत पैसे मोजणार. फोल्डर, पीडीएफ, मराठी टायपिंग, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे पण घ्या. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे शिकवणीचे व्हिडिओ, मराठीत आहेत, लिबर ऑफिसचे (एमएस ऑफिससारखं फुकटचं सॉफ्टवेअर) घरून डाउनलोड करून न्या.

माणदेशी_कट्टा:
बाई, अदलाबदलीचं एकदम पटलं, शनिवारीच करतो. @सरळ_बोलतो तुमचं खरंय, पण आठवीच्या पोराला पहिल्याच दिवशी फॉर्म दाखवला तर दुसऱ्या दिवशी यायचा नाही तो. रांगोळीची फाईल सेव्ह करता करताच फोल्डर शिकवतो.

कोथरूडचा_कोडर:
चालेल. विंडोज 7 चे अपडेट 2020 लाच बंद झालेत, तेव्हा बाहेरचे पेन ड्राइव्ह लावू देऊ नका, आणि जमलं तर एका मशीनवर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकून बघा.