मदत हवी आहे : इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापकी सोडून कंपनीत गेल्यास परतताना तो अनुभव धरतात का?

नमस्कार. मी नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार विभागात, अकरा वर्षांपासून सहायक प्राध्यापक आहे. एम.टेक. व्हीएलएसआयमध्ये (चिपवरची मंडले रचण्याचा विषय) केले असून पीएच.डी. मिळाल्याची अधिसूचना गेल्या ऑगस्टमध्ये निघाली. आता पुण्याच्या एका चिप डिझाइन कंपनीने मला व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे चिप बनण्याआधी तिचा आराखडा तपासण्याच्या, कामासाठी बोलावले आहे आणि होकार कळवायला तीन आठवडे उरले आहेत. यजमानांची नोकरी नागपुरातच आहे आणि त्यांची बदली होत नाही, त्यामुळे तीन-चार वर्षांनी मला परत यावेच लागेल. परत यायचे म्हणजे अध्यापनातच यायचे, कारण मिहान या इथल्या औद्योगिक क्षेत्रातल्या नावाजलेल्या आयटी कंपन्या सॉफ्टवेअर सेवांच्या आहेत आणि माझ्या विषयाचे काम मुख्यतः पुणे, हैदराबाद, बंगळुरू इकडेच मिळते.

जाण्यामागे पगार हे कारण नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. आमच्याकडे अकरा वर्षांनंतरही एकत्रित रक्कम मिळते आणि ती त्याहून कमी आहे. पण मला त्याहून अधिक बोचते ते हे की, मी दरवर्षी टेपआउट (चिपचा अंतिम आराखडा कारखान्याकडे पाठवणे) म्हणजे काय हे फळ्यावर शिकवते आणि मी स्वतः एकही टेपआउट पाहिलेला नाही. सिस्टिमव्हेरिलॉग या व्हेरिफिकेशनच्या भाषेची माझी सगळी उदाहरणे पुस्तकातली आहेत. उरलेला वेळ एनबीए या मानांकन मंडळाच्या फायली आणि सीओ-पीओचे (अभ्यासक्रमातून काय साध्य झाले याचे) तक्ते भरण्यात जातो.

बाहेरची उदाहरणे पाहिली की हा प्रश्न पडूच नये असे वाटते. जॉन हेनेसी यांनी स्टॅनफर्डमधून रजा घेऊन १९८४ मध्ये मिप्स ही प्रोसेसर कंपनी काढली, ते विद्यापीठात परतले आणि २००० मध्ये तिथेच अध्यक्ष झाले. आपल्याकडचे आरोग्यस्वामी पॉलराज यांचा प्रवास तर उलट्या दिशेचा आहे: आधी भारतीय नौदल, तिथे पाण्याखाली ध्वनिलहरींनी वेध घेणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेचे काम, नंतर स्टॅनफर्ड. एकाच वेळी अनेक अँटेना वापरून बिनतारी संदेशवहनाचा वेग वाढवण्याची जी पद्धत आज मिमो म्हणून ओळखली जाते, तिच्या पेटंटचा अर्ज त्यांनी १९९२ मध्ये केला आणि १९९८ मध्ये आयोस्पॅन ही कंपनी स्थापन केली. ती २००३ मध्ये इंटेलने घेतली. प्राध्यापकपद सांभाळून त्यांनी पुढे दुसरीही कंपनी काढली. त्यांच्याशी तुलना करण्याचा माझा मुळीच विचार नाही. मात्र तिथे रजा मिळते, आणि मला राजीनामा द्यावा लागणार आहे.

नियम मी वाचले आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., अध्यापन, संशोधन किंवा उद्योग यांतील एकूण ८ वर्षांचा अनुभव, त्यांपैकी किमान २ वर्षे पीएच.डी.नंतरची, आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांत ६ शोधनिबंध लागतात. म्हणजे उद्योगातला अनुभव कागदावर चालतो. माझी अडचण अशी की पीएच.डी.नंतरची दोन वर्षे जवळजवळ पूर्णपणे कंपनीतच जातील, आणि शोधनिबंध सध्या चारच आहेत. कंपनीत गोपनीयतेच्या करारामुळे तिथल्या कामावर काही प्रसिद्ध करता येईल असे दिसत नाही.

तेव्हा ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला आहे किंवा जे निवड समितीवर बसले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: व्हेरिफिकेशनचा अनुभव विषयाशी संबंधित म्हणून धरतात, की छाननीतच बाजूला काढतात? आणि निघण्यापूर्वी महाविद्यालयाकडून कोणकोणते कागद घेऊन ठेवावेत?

प्रतिसाद

ताई, मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि विदर्भातल्या काही निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो आहे. व्हेरिफिकेशनचा अनुभव मी स्वतः कधी नाकारलेला नाही. पण ज्या प्रमाणपत्रावर नुसते ‘सिनिअर इंजिनिअर’ एवढेच लिहिलेले असते, त्याचे छाननी समितीने काय करावे? कामाचे स्वरूप दोन-तीन ओळींत लिहून घ्या आणि पगाराच्या पावत्या व फॉर्म १६ दरवर्षी जपून ठेवा.

पण आमच्या पाहण्यात उमेदवार अडतो तो बहुधा कंपनीतल्या नव्हे, महाविद्यालयातल्या वर्षांवर. तुमची नेमणूक विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झाली आहे का, आणि विद्यापीठाचे मान्यतेचे पत्र तुमच्याजवळ आहे का? ते नसेल तर अकरा वर्षे सांगताना दम लागतो. कार्यमुक्तीच्या पत्राआधी त्याची प्रत मिळवा. राजीनाम्यानंतर मागाल तर कार्यालयाला वेळ नसतो.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या, उद्योगातल्या अनुभवी लोकांसाठीच्या पदाचा विचार मनात असेल तर सोडून द्या. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि अध्यापनाच्या पदावर असलेल्यांसाठी ते पद नाही. उरलेले दोन शोधनिबंध पीएच.डी.च्या प्रबंधातून काढा, आणि रुजू होण्याआधी पाठवा.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. मान्यतेचे पत्र शोधले. पहिली तीन वर्षे तात्पुरत्या नेमणुकीची आहेत, त्यांचे पत्र नाही. पुढच्या आठ वर्षांचे आहे. ८ वर्षांची अट त्यातच पूर्ण होते, म्हणून कंपनीचा अनुभव मला फक्त पीएच.डी.नंतरच्या २ वर्षांसाठी लागेल. त्या दोन वर्षांबाबत कोणाची अडवणूक झाली असल्यास अवश्य लिहावे. प्रबंधाचे चौथे प्रकरण आजच उघडले आहे.