डावखुऱ्या मुलीला तबला-डग्गा उलटा मांडून द्यावा का?

मंडळी, मदत हवी आहे. लेक सात वर्षांची. लिहिते, चित्रं काढते, चेंडू फेकते ते डाव्या हाताने. जेवते उजव्याने, कारण आजीचा धाक. खाली पडलेलं काही उचलायचं तर जो हात जवळ असेल तो. नुकतीच तबल्याला घातलीय. सर म्हणतात, तबला उजवीकडेच, सवय होते. वर सचिनचा दाखला: लिहितो डाव्याने, बॅटिंग उजवी! 'ना', 'तिं' हे सुटे बोल (तबल्यावरचे आघात) ठीक वाजतात, पण 'तिरकिट' आलं की उजवी बोटं अडखळतात. सोप्या बोलात फरक नाही, अवघडात पडतो, असं का? मांडणी बदलू का? सरांना दुखवायचं नाहीये.

प्रतिसाद १
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वस्तू उचलण्यात हाताचा कसच लागत नाही, ती कुठे पडलीय त्यावर हात ठरतो. वेग, नेम आणि बोटांचा क्रम एकत्र आले की खरा हात पुढे येतो. जेवणाचा हात मी धरतच नाही, तो आपल्याकडे शिकवलेला असतो. कुठला हात पुढचा हे ठरवणाऱ्या, ओल्डफील्डच्या १९७१च्या एडिनबरो प्रश्नावलीत लिहिणं, फेकणं, कात्री, काडी पेटवणं वगैरे दहा कामं आहेत. (लांब दांड्याच्या झाडूवर वरचा हात कुठला, हेही विचारलंय. केरसुणीवाल्यांनी काय करायचं?) मॅरियन अ‍ॅनेट यांच्या चाचणीत दहा खुंट्या एका ओळीतून दुसरीत हलवायच्या आणि प्रत्येक हाताचा वेळ मोजायचा. घरी मणी एकेक करून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकायला लावा. दोन्ही हातांना तीन-चार वेळा संधी द्या, एकदाच मोजून काही कळत नाही.

प्रतिसाद २
मी डावखुरा, तबला डावीकडे ठेवूनच वाजवतो. सचिनचा दाखला इथे लागू पडत नाही. बॅटवर दोन्ही हात असतात आणि उजव्या फलंदाजाचा वरचा हात डावाच असतो. डग्गाही काही फावल्या हाताचं काम नाही. घिस्सा (डग्ग्यावर मनगट घासून सूर सरकवणं) काढताना मनगटाचा दाब जरा चुकला की सूर घसरतो. त्यामुळे उजव्या हाताला तिथे भरपूर शिकायचं असतं. तोटा एकच, दुसऱ्याच्या बैठकीवर बसायचं तर आधी सगळं हलवावं लागतं. पण सरांच्या समोर बसून शिकताना त्यांचे हात आरशातल्यासारखे दिसतात, नक्कल सोपी जाते. सरांना हेच सांगून महिनाभर उलट्या मांडणीची परवानगी मागा. 'तिरकिट' दोन्हीकडे वाजवून त्यांनाच ऐकू दे.