मदत हवी आहे : स्काउटची पोरं, पारगड आणि पाठीवरचं ओझं

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या स्काउट पथकातली चौदा मुलं, आठवी-नववीची. डिसेंबरात शनिवार-रविवार पारगडला मुक्काम करायचा विचार आहे. बेळगावहून चंदगडपर्यंत एसटी, पुढे जमेल तितकं चालत. आधी खानापूरचं भीमगड डोक्यात होतं, पण ते 2011 पासून अभयारण्य. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पोरं घेऊन जायचं धाडस नाही. पारगडावर निदान वस्ती आहे, भवानीचं देऊळ आहे.

खरी अडचण सॅकची. मागं येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेलं तेव्हा एकाची सॅक वर जाऊन मी काट्यावर धरली, साडेअकरा किलो! पोरगं स्वतः अडतीस किलोचं. आत आईनं दिलेली जाड वळकटी, दशम्या, स्टीलचा डबा, आणि तळाशी अर्धा किलो कुंदा. (कुंदा सगळ्यांनी मिळून संपवला, त्याबद्दल तक्रार नाही.) वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त नको म्हणतात, म्हणजे त्याला साडेनऊ किलो हद्द झाली. मला तर आठच बरे वाटतात.

तर सांगा की : गडावर देवळात किंवा कुणाच्या पडवीत झोपायला देतात का, म्हणजे तंबू घरीच ठेवता येतील? पिण्याचं पाणी वर मिळतं का, की खालनंच भरून न्यायचं? आणि थंडीला चादरीवर भागतं का? आयांना वळकटी नको म्हणून पटवायचं काम माझ्याकडंच आहे.