मदत हवी आहे : उतारावरच्या वाइन द्राक्षबागेतली माती कशी धरून ठेवावी?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची दीड एकर शिराझ या वाइन द्राक्षाची बाग आहे, ११०आर जातीच्या खुंटावर (ज्यावर कलम बांधतात ते मूळझाड). वर हातभर मुरमाड माती, खाली कच्चा मुरूम. पाणी थांबत नाही, म्हणून मणी लहान, गडद रंगाचे येतात. वाइनला असाच माल लागतो. त्यामुळे सपाटीच्या काळ्या रानापेक्षा हा तुकडा मला प्यारा आहे.

चूक लावतानाच झाली. ट्रॅक्टर सोपा चालावा म्हणून ओळी उताराच्या दिशेने घेतल्या. उतार शंभर फुटांना आठ फूट. यंदा जुलैच्या पावसात ओळींमधून घळी पडल्या. खालच्या बांधाशी ढोपरभर गाळ साचलाय आणि वरच्या वेलींची बोटाएवढी मुळं उघडी पडलीत. मूठ मूठ माती टाकून झाकतोय, पण पावसाच्या पुढच्या सरीत परत तेच. बघून जीव तुटतो.

वेली सहा वर्षांच्या आहेत, उपटणार नाही. ठरावीक अंतरावर आडव्या दगडी ताली (बांध) घातल्या तर ट्रॅक्टर कुठून फिरवायचा? ओळींमध्ये ताग पेरून सप्टेंबरच्या छाटणीआधी कापून तिथेच अंथरावा, की गावठी गवतच राखावं? गवताने ओल धरली आणि फुलोऱ्यात परतीचा पाऊस आला तर केवडा रोगाची (डाउनी मिल्ड्यू) धास्ती वाटते. शिवाय एप्रिल छाटणीनंतर तेच गवत ड्रिपचं पाणी ओढणार का?

उतारावर ज्यांनी स्वतः बाग सांभाळली आहे, त्यांनी कृपया सांगा. नाशिककडचं कुणी असेल तर मी बाग बघायला येईन.