वही जाळली की सावकार मरतो का? ('मिस्टर रोबोट'वर भांडू या)

घाटमाथा

(चारही सीझनमधलं सगळं फोडलंय. बघायची बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.)

'मिस्टर रोबोट' परत एकदा बघून संपवली. 2015 ते 2019, चार सीझन, 45 भाग. सॅम एस्मेलची निर्मिती, रामी मालेकला एमी मिळवून देणारी भूमिका. या मालिकेचा विषय निघाला की एक ठरलेलं कौतुक ऐकू येतं, की भांडवलशाहीला इतकं उघडं कुणी पाडलं नाही. मला हे पटत नाही, म्हणून धागा.

गोष्ट थोडक्यात. एलियट ऑल्डरसन न्यूयॉर्कमध्ये ऑलसेफ नावाच्या सायबर सुरक्षा कंपनीत नोकरीला. कुणी अंगाला हात लावलेला चालत नाही, मॉर्फिनचं व्यसन, आणि ओळखीतल्या प्रत्येकाची खाती फोडून त्याची कुंडली सीडीवर उतरवून ठेवायची सवय. सीडीवर नाव मात्र गाण्यांच्या अल्बमचं. ऑलसेफचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ई कॉर्प. याच कंपनीच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात विषारी गळती झाली, त्यात एलियटचे वडील गेले आणि बालमैत्रीण अँजेलाची आई गेली. मग कोनी आयलंडवरच्या बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यात एफसोसायटी ही हॅकरांची टोळी जमते. बेत असा की ई कॉर्पच्या कर्जाच्या सगळ्या नोंदी एनक्रिप्ट करायच्या आणि किल्ली नष्ट करायची. वहीच वाचता येत नाही म्हटल्यावर वसुली कसली?

9 मेला हॅक यशस्वी होतो. पुढे काय? दुसऱ्या सीझनमध्ये रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग, दिवे गेलेले, बँकेतून रोकड निघत नाही. ई कॉर्पचा मुख्य फिलिप प्राइस चीनकडून 2 ट्रिलियन डॉलरचं बिनव्याजी कर्ज उचलतो आणि ईकॉइन नावाचं स्वतःचं चलन लोकांच्या गळी उतरवतो. सावकार आधीपेक्षा गब्बर.

इथवर मालिका मला आवडते. माझी तक्रार चौथ्या सीझनबद्दल. तिथे सगळा रोख एलियटच्या बालपणाकडे वळतो. बापानेच अत्याचार केले होते, आपण पाहत होतो तो एलियटसुद्धा खरा एलियट नव्हता, त्याच्या मनाने उभं केलेलं एक रूप होतं, वगैरे. सातवा भाग, पाच अंकांच्या नाटकासारखा बांधलेला, अफाट आहे, यात वाद नाही. पण त्याचा हिशोब असा निघतो की मुलगा कंपनीवर चिडला होता कारण मुलगा आजारी होता. संतापावर निदानाची चिठ्ठी चिकटवली की कंपनीचे लोक निर्धास्त झोपतात. एवढा थोर विषय शेवटी समुपदेशकाच्या खोलीत नेऊन मिटवला.

बोला.

काकडआरती

दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात मी राम म्हटलं. पोरगं नुसतं वहीत लिहितंय, बास्केटबॉल बघतंय आणि आपल्याला काहीतरी गहन चाललंय असं वाटावं ही अपेक्षा.

रूट_यूजर

@काकडआरती, अहो तो तुरुंगात होता! ते तेवढ्यासाठीच तसं दाखवलंय. थोडं थांबला असतात तर कळलं असतं.

@घाटमाथा, तुम्हाला मालिकेकडून जाहीरनामा हवाय का? मी याच क्षेत्रात पोट भरतो, म्हणून सांगतो की या मालिकेचं राजकारण संवादांपेक्षा हॅकच्या पद्धतीत जास्त आहे. बाकीच्या मालिकांत हॅकर कीबोर्ड बडवतो आणि पडद्यावर हिरवा पाऊस पडतो. इथे एलियटची बहीण डार्लीन पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये पेन ड्राइव्ह टाकून जाते. एक पोलीस उचलतो, थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावतो, आणि अँटिव्हायरस मध्ये येतो म्हणून डाव फसतो. आमच्याकडे सुरक्षा प्रशिक्षणात याच गोष्टी बोंबलून सांगाव्या लागतात.

स्टील माउंटनचंच घ्या. ई कॉर्पच्या बॅकअप टेप डोंगराच्या पोटात ठेवलेल्या. फोडायच्या कशा? फोडायच्याच नाहीत. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, वातानुकूलनाच्या जाळ्यात जोडायचा आणि तापमान वाढवून टेप नासवायच्या. बरं, हा बेत एलियटचा. आधीचा बेत गॅसची लाइन उडवायचा होता आणि माणसं मरतील म्हणून त्याने तो नाकारला. हा फरक मालिका विसरत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये तो ई कॉर्पची कागदी नोंदींची इमारत वाचवायला जिवाचं रान करतो, आणि डार्क आर्मी ही चिनी हॅकरांची टोळी त्याच दिवशी दुसऱ्या 71 इमारती उडवते. हजारो माणसं मरतात. म्हणजे निष्कर्ष काय, तर हॅक तुमचा, पण तो वापरणार ज्याच्याकडे फौज आहे तो. यापेक्षा स्पष्ट काय बोलायला हवं होतं?

घाटमाथा

@रूट_यूजर, तांत्रिक बाजूला माझा दंडवत. पण स्टील माउंटनचं नाव काढलंत तर तो बिल आठवा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: बिल हा तिथला साधा गाइड. एलियट बड्या तंत्रज्ञाचं सोंग घेऊन आत शिरतो, त्या सोंगासाठी एफसोसायटीने विकिपीडियावर खोटं पानसुद्धा तयार ठेवलेलं. बिलला वाटेतून हटवायचं म्हणून एलियट त्याला तोंडावर सांगतो की तू कुणीच नाहीस, तुझी कुणाला पडलेली नाही, महत्त्वाच्या कुणाला तरी बोलाव. बिलचा चेहरा बघवत नाही. रक्ताचा थेंब न सांडता क्रांतीने पहिला माणूस तिथेच चिरडला, आणि तो होता महिन्याच्या पगारावर जगणारा. मालिकेला हे कळत होतं. म्हणूनच तर शेवटी सगळं एका घरात कोंडल्याचा राग येतो.

सातबारा

शीर्षक बघून आलो. वही जाळण्याच्या बाबतीत आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही, म्हणून चार ओळी.

12 मे 1875, सुपे, तालुका भीमथडी, जिल्हा पुणे. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि पहिली मागणी केली ती कर्जरोख्यांची. हातात आले ते जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लक्षात घेण्यासारखं हे की माणसं मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर भर होता. एफसोसायटीचा बेत हाच, टेप आणि सर्व्हर सोडले तर. पुढे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तेव्हा 'वही जाळून काही होत नाही' हे विधान सरसकट करू नये. मालिकेने ते केलंय आणि धागाकर्त्यांनी मान डोलावलीय.

बाभूळ

सातबारांना +1. पण खरी गंमत कुणी बोलतच नाही. ही मालिका दाखवली यूएसए नेटवर्कने. त्यांचा तेव्हाचा मालक एनबीसीयुनिव्हर्सल. त्यांचा मालक कॉमकास्ट. आपण बघितली अ‍ॅमेझॉनला वर्गणी भरून. ई कॉर्पने एलियटवर मालिका काढली असती तर ती हीच असती, जाहिरातींसकट. तुमचा राग त्यांनी भाग पाडून विकला, आणि तुम्ही तो सलग रात्री जागून बघितलात.

रूट_यूजर

@बाभूळ, मग बघायचं काय? गावच्या जत्रेतला वग? तोही पंचायतीच्या परवानगीने होतो.

घाटमाथा

@सातबारा, उत्तम प्रतिसाद, पण तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातं. सुप्याची माणसं एकाच बाजारातली होती, एकमेकांना तोंडओळखीने ओळखणारी, आणि सावकारही त्यांना नावानिशी माहीत. सरकारला त्यांच्याशी बोलणं भाग पडलं. एफसोसायटीचे पाचजण मुखवटे घालून व्हिडिओ काढतात आणि ज्यांचं कर्ज पुसलं त्यांना एका शब्दाने विचारत नाहीत. मग नोंदी गेल्यावर लोक गोंधळतात यात नवल काय?

आणि कायद्याची वाट म्हणाल तर अँजेलाने ती धरून पाहिली. ई कॉर्पचा जुना अधिकारी कोल्बी, तिला त्याची साक्ष हवी होती. ती त्याला विचारते की गळतीबद्दल गप्प बसायचं ठरलं त्या दिवशी त्या खोलीत नक्की काय चाललं होतं. तो सांगतो: दारू चालू होती, कोळंबी होती, बाहेर पाऊस पडत होता. बस. एवढ्यात तिच्या आईचा निकाल लागला. सगळ्या मालिकेत कंपनी मला सगळ्यात भीतिदायक वाटली ती इथे, कारण कुणी राक्षस नव्हताच, पार्टी चालू होती. पुढे तीच अँजेला त्याच कंपनीत नोकरी धरते, डार्क आर्मीच्या म्होरक्या व्हाइटरोजच्या नादी लागते, 71 इमारतींनंतर तिचं भान सुटतं आणि चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात गोळी घालून तिला संपवतात. असा धागा हाताशी असताना तुम्ही शेवट एलियटच्या डोक्यात का करता, हा माझा प्रश्न आहे.

निशाचर

बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

घाटमाथा, 'निदानाची चिठ्ठी' हे वाक्य मला खटकलं. मी मानसोपचार विभागात काम करते. आमच्याकडे येणारी माणसं आजारी असतात म्हणून त्यांचा राग खोटा असतो, हे कुणी ठरवलं? नोकरीतून काढलेला माणूस नैराश्यात गेला तर काढणारा निर्दोष होतो का?

तुम्ही सातव्या भागाला 'अफाट' म्हणून पुढे सरकलात, पण तिथे नेमकं काय होतं बघा. पहिल्या सीझनपासून एलियटच्या मनात एक चित्र आहे: प्रेमळ बाप, त्याला मारणारी कंपनी, आणि सूड. मिस्टर रोबोटला, म्हणजे त्याच्याच मनातल्या बंडखोर रूपाला, तो बापाचाच चेहरा देतो. समुपदेशक क्रिस्टासमोर बसून त्याला पहिल्यांदा कळतं की ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं त्यानेच आपल्याला मोडलं होतं. यात कंपनी कुठे सुटली? गळती झालीच होती, माणसं मेलीच होती. फक्त एलियटला आता निष्पाप बाप उरला नाही. कंपनी वाईट आणि घर चांगलं अशी सोपी वाटणी मालिकेने शेवटी नाकारली. मला हे 9 मेच्या हॅकपेक्षा धाडसाचं वाटतं.

आणि तुम्ही डेउस ग्रुप साफ विसरलात. एलियट आणि डार्लीन जगातल्या त्या मूठभर धनदांडग्यांची खाती रिकामी करतात आणि डार्लीन ते पैसे सगळ्या लोकांना ईकॉइनमधून वाटून टाकते. कंपनीचा विषय तिथे संपवलाय, आणि मग घराकडे वळलेत. क्रम बघा.

काकडआरती

निशाचर ताई, मी तिसऱ्या सीझनपासून परत सुरू करू का? मधलं कुणी सांगेल का?

निशाचर

नको, दुसराही बघा. नाहीतर डार्लीनने ई कॉर्पची वकील सुझन जेकब्स हिच्या घरी काय केलं ते सुटेल, आणि त्यानंतर ती तशी का वागते ते कळणार नाही.

घाटमाथा

@निशाचर, वाक्य बोचलं असेल तर समजू शकतो, पण आजारी माणसाचा राग खोटा असतो असं मी कुठे म्हटलं? मालिका पाहणाऱ्याला तशी पळवाट देते, एवढंच म्हणतोय. मित्रमंडळीत चौघांना विचारा, शेवट काय होता? चौघंही सांगतील की 'तो दुसराच निघाला'. ई कॉर्पचं काय झालं ते एकाला धड आठवणार नाही.

डेउस ग्रुपचे पैसे वाटण्याबद्दल: ती लॉटरी आहे. एका रात्री सगळ्यांच्या फोनवर पैसे आले. कुठे आले? ईकॉइनमध्ये! प्राइसने गळी उतरवलेलं ई कॉर्पचंच चलन. दुसऱ्या दिवशी घरमालक भाडं वाढवणार नाही असं कुणी लिहून दिलंय?

सातबारा

भाड्याचा मुद्दा मान्य. पण मग पुढचा प्रश्न तुम्हीच टाळताय. 1879 चा कायदा आल्यावर सावकार काही देशोधडीला लागले नाहीत, त्यांनीही नवे मार्ग काढले. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घेऊ लागले. तरी दिवाणी न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि ती गोष्ट रोखे जाळल्याशिवाय मिळाली नसती. तुम्हाला असा हॅक हवाय ज्यानंतर घरमालक भाडंच मागणार नाही. तसा ना सुप्यात झाला, ना कोनी आयलंडवर.

रूट_यूजर

सातबारा, लाख बोललात.

एक तांत्रिक खुसपट मात्र काढतोच. टेप नासल्या तरी कागद उरतात, आणि मालिकेने ते बरोब्बर पकडलंय. ई कॉर्प देशभरातून कागदी नोंदी न्यूयॉर्कच्या एका इमारतीत गोळा करते, तिथून सगळी वही पुन्हा उभी करायला. तिसऱ्या सीझनचा सगळा खेळ त्या कागदांवर आहे. एलियट ते कागद देशभर वेगवेगळ्या ठिकाणी वळवतो, आणि ती ठिकाणं म्हणजेच त्या 71 इमारती. 1875 मध्ये निदान जाळणाऱ्याला माहीत होतं की कागद कुठल्या पेटीत आहे.

बाभूळ

आणि पेटीवर कॉमकास्टचं कुलूप नव्हतं.

निशाचर

@घाटमाथा, तुमच्या चौघा मित्रांना काय आठवतं हा मालिकेचा दोष कसा? बिल तुम्हाला आठवला ना? कोळंबी आठवली ना? मग दाखवणाऱ्याने दाखवलंच होतं. बाकी उद्या लिहिते, आज रात्रपाळी आहे.